चावी फिरवण्याआधी टाकी बघा

सकाळची फास्ट लोकल पकडून कामावर जाणाऱ्याला गाडी लागते ती रविवारी, गणपतीत आणि मे महिन्यात गावाला जाताना. एरवी ती डोंबिवलीच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी असते. घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांमध्ये मुलगा परदेशात आणि त्याची गाडी बेसमेंटमध्ये, असे चित्र दिसते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळ्यांच्याच गाड्या मार्चपासून उभ्या राहिल्या. जुलैत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी आली. त्यानंतर जो तो बॅटरी उतरल्याची तक्रार करत होता. बॅटरी एका तासात बदलून होते, टाकीत शिळे झालेले पेट्रोल मात्र इंजिनापर्यंत पोचते.

पेट्रोल शिळे होते म्हणजे काय

पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनचे मिश्रण असते. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पहिल्या सेल्फला पेट घेते ते याच घटकांच्या जोरावर. ते उडाले की उरलेले पेट्रोल जड आणि आळशी होते. दुसरीकडे काही घटकांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट डिंक तयार होतो. मेकॅनिक त्याला 'गम' म्हणतात. इंजेक्टरची छिद्रे अतिशय बारीक असतात, त्यामुळे थोडासा गमही पुरतो. मग गाडी मिसिंग मारते, पिकअप घेत नाही.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तो जेटमध्ये जाऊन बसतो. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनत असे. त्यामुळे या भागात अजूनही कुणी जिव्हाळ्याने पद्मिनी सांभाळलेली आढळते. अशा गाड्यांच्या टाकीला बाहेरची हवा थेट मिळते, म्हणून त्यांचे पेट्रोल लवकर बिघडते. नव्या गाड्यांत वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये अडवली जाते, तेवढा दिलासा.

साधारण तीन महिन्यांपर्यंत अडचण येत नाही. सहा महिने उलटले असतील, आणि मध्ये एक पावसाळा गेला असेल, तर तपासल्याशिवाय सेल्फ मारू नये.

इथेनॉल आणि आपला पावसाळा

आता पंपावर मिळते ते बहुतेक ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या राज्यातून त्यासाठीचे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर जाते. इथेनॉलचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा: ते पाणी ओढून घेते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींनासुद्धा ओल सुटते. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि दमट हवा आत घेत राहते.

थोडे पाणी इथेनॉलमध्ये विरघळून राहते. ते मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप पेट्रोल ओढतो तो तळातूनच, म्हणजे इंजिनाला पहिला घोट जातो तो या पाण्याचा. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरलेला असतो, त्यावर इंजिन ठोकते.

सीएनजीवाल्यांनीही वाचावे

ठाणे-डोंबिवलीत सीएनजी गाड्या खूप. त्या रोज धावतात, पण टाकीतले पाच-सात लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच असते. पुण्याला जाताना घाटात गॅस संपतो, गाडी पेट्रोलवर जाते आणि गचके देऊ लागते तेव्हा त्याची आठवण होते. आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवावे आणि टाकीत ताजे पेट्रोल घालत राहावे.

बरणीची परीक्षा

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची गाडी चौदा महिने उभी होती. मेकॅनिकने चावीला हातच लावला नाही. त्याने टाकीच्या तळातून पावशेर पेट्रोल काढून लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत घेतले आणि बरणी उन्हापासून दूर, उघड्या अंगणात ठेवली. दहा मिनिटांत दोन थर दिसले. वरचा चहाच्या रंगाकडे झुकलेला, खाली बोटभर गढूळ पाण्यासारखा. वास पेट्रोलचा नव्हता, जुन्या वॉर्निशच्या डब्याचा होता.

दुसरी खूण पंपावरच्या फिल्टर पेपरची. चांगल्या पेट्रोलचा थेंब कागदावरून दोनेक मिनिटांत उडून जातो, मागे डाग ठेवत नाही. तेलकट कडे उरले तर शंका घ्यावी.

काकांनी त्याआधी चावी 'ऑन'वर नेली नव्हती, हे त्यांचे नशीब. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच मागच्या सीटखालून दोन सेकंद 'घूंऽ' असा आवाज येतो. तो टाकीतला पंप. तेवढ्यात खराब पेट्रोल लाइनमध्ये पुढे सरकते.

काढायचे कुठे आणि कसे

इथे मी हात जोडून सांगते: बिल्डिंगखाली काढू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, फरशीवरून सरपटत बेसमेंटमध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात साचते. आपल्याकडे पार्किंगलगतच मीटरची खोली असते आणि पाण्याचा पंप आपोआप चालू-बंद होतो. एक ठिणगी पुरते. गाडी ढकलत उघड्यावर न्यावी किंवा टोइंगने गॅरेजला पाठवावी. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी, वाळूची बादली जवळ ठेवावी.

नळीला तोंड लावून ओढायची जुनी सवय कायमची सोडा. घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. चुकून गिळले गेले तर ओकारी काढायला लावू नये, तडक दवाखाना गाठावा. शिवाय नव्या गाड्यांच्या टाकीच्या तोंडातून नळी बहुधा आत जातच नाही, मेकॅनिक पंपाच्या बाजूने पेट्रोल काढतो.

पाण्याच्या बाटल्याही नकोत. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते, पण घट्ट बुचाच्या भांड्यात: काचेचे असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. घरात, विशेषतः स्वयंपाकघराच्या गॅलरीत, एक रात्रही ठेवू नये.

काढलेल्याचे काय करायचे

थर पडले नसतील, रंग फार बदलला नसेल, तर एक भाग जुने आणि चार भाग ताजे असे मिसळून ते वापरता येते. पाणी सुटलेले पेट्रोल मात्र कोणत्याच गाडीत घालू नये. जिथे वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्वापरासाठी देतात, अशा सर्व्हिस सेंटरला विचारून ते सोपवावे.

गटारात ओतणे हा गुन्हा समजावा. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गटारांत साचलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. आपली गटारे नाल्यांतून खाडीला मिळतात. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे.

पुन्हा सुरू करताना

टाकी रिकामी झाली की फिल्टर बदलून घ्यावा, आणि पाणी सापडले असेल तर टाकी धुवून घ्यावी. मग दहा लिटर ताजे पेट्रोल घालावे. चावी दोन-तीनदा 'ऑन' करून थांबावे, लाइन भरू द्यावी, आणि मग सेल्फ. पहिली फेरी काटई नाक्यापर्यंत पुरे. महामार्गावर दुसऱ्या दिवशी जावे.

पुढच्या वेळी गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, आत दमट हवेला जागाच राहत नाही. फ्युएल स्टॅबिलायझर घालायचा तर ताज्या पेट्रोलातच घालावा, शिळ्याला तो जिवंत करत नाही. आणि वर्षभरासाठी परदेशी निघाला असाल तर टाकी जवळजवळ रिकामी करून, शेजाऱ्यांकडे चावीबरोबर एक चिठ्ठी ठेवा: शेवटचे पेट्रोल कोणत्या तारखेला भरले.