चुनखडीच्या मातीतील हिरवळ

कुर्डुवाडी आणि एकूणच माढा तालुक्याच्या परिसरातील जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली, बरीचशी काळी, मध्यम ते उथळ आणि चुनखडीयुक्त आहे. वर्षाकाठी सरासरी 500 ते 600 मिलिमीटर पावसाच्या या पट्ट्यात चुना वाहून न जाता मातीतच साचतो आणि मातीचा सामू, म्हणजे तिची आम्लता वा विम्लता दाखवणारा अंक, बहुधा 8 च्या आसपास राहतो. अशा ठिकाणी बंगल्यापुढे हिरवळ राखण्याची हौस कितपत शहाणपणाची, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला (तो फार वेळ बाजूला राहत नाही), तरी ती हिरवळ पिवळी का पडते आणि युरियाचा मारा करूनही पिवळीच का राहते, याचे उत्तर माती परीक्षणाच्या अहवालात सापडू शकते.

नमुना घेण्याची रीत शेतातल्यासारखीच असते. फक्त खोली 10 सेंटिमीटर पुरते. अंगणातील आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवली जाते. भिंतीलगतची माती मात्र वेगळ्या पिशवीत घ्यावी, कारण बांधकामाचा सिमेंट-चुना तिथेच गाडलेला असतो.

प्रयोगशाळेतील खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे चुन्याची चाचणी. लाकडी हातोडीने ढेकळे फोडून चाळलेल्या मातीवर मदतनीस सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडतो, तोच माती फसफसून उठते. मुक्त चुन्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो आणि फेस जितका जोरकस तितका चुना अधिक. यंत्रे नंतर जे अंक देतात त्यांचा अर्थ या फेसाने आधीच सांगितलेला असतो. त्या अंकांपैकी हिरवळीसाठी कळीचा 4.5 हा होय: उपलब्ध लोह दशलक्ष भागांत 4.5 भागांपेक्षा कमी असले की ते अपुरे मानले जाते. मातीत लोह भरपूर असूनही चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. अशा वेळी कोवळी पाती शिरांमध्ये पिवळी पडतात, तर नत्राच्या कमतरतेत जुनी पाती आधी पिवळी होतात. हा फरक न पाहता युरिया ओतणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत 12 घटक तपासले जातात, पण शिफारशी शेतीच्या पिकांसाठी असतात, त्यामुळे हिरवळ राखणाऱ्याला हिशेब स्वतः मांडावा लागतो. सुदैवाने तो सोपा आहे: एक गुंठा म्हणजे जवळपास 100 चौरस मीटर, अर्थात हेक्टरचा शंभरावा भाग, म्हणून हेक्टरी किलोच्या आकड्याला 100 ने भागले की झाले. काळ्या जमिनीत पालाश सहसा मुबलक असतो, तेव्हा अहवालात तो जास्त दिसत असताना 19:19:19 या पालाशयुक्त खताचे पुडे आणण्यात अर्थ नाही. गंधक टाकून सामू उतरवण्याचा सल्लाही असाच फसवा आहे. मातीत 5 टक्के चुना असेल, तर एका गुंठ्यातील वरच्या 10 सेंटिमीटर थराचा चुना मारायला सुमारे 200 किलो गंधक लागेल. अंगणात 200 किलो गंधक कोण टाकणार? त्यापेक्षा लोह 4.5 च्या खाली असल्यास 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे. फरशीवर उडालेले थेंब मात्र लगेच धुवावेत, नाहीतर तांबूस डाग कायमचे बसतात. शेणखत घालणे आणि कापलेले गवत तिथेच राहू देणे, हा सेंद्रिय कर्ब वाढवण्याचा स्वस्त मार्ग आहे.

उरला तो बाजूला ठेवलेला प्रश्न. शेतकरी ज्या हरळीला कुळवून, वेचून, तणनाशक मारून बांधाबाहेर काढतात, तिच्याच जातीचे गवत रोपवाटिकेत ‘बर्म्युडा’ या नावाने विकत मिळते. कुर्डुवाडीच्या अंगणात हिरवळ हवीच असेल, तर हीच हरळी लावावी आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून ती वाळली तर वाळू द्यावी. पहिल्या पावसानंतर ती जमिनीतल्या खोडांपासून पुन्हा फुटते.