विरोध, विसंगती आणि विरोधाभास

धम्मविषयक लेखनात आणि व्याख्यानांत विसंगती, वदतोव्याघात, पेच आणि विरोधाभास हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वरवर पाहता त्यात काही बिघडत नाही. परंतु सम्यक वाचा हे ज्या मार्गाचे एक अंग आहे, त्या मार्गाच्या अनुयायांनी शब्दांविषयी इतके उदासीन राहणे योग्य नाही. चुकीच्या नावाने ओळखलेल्या प्रश्नावर उपायही चुकीचाच शोधला जातो.

‘विरोधाभास’ या शब्दाचा अर्थ त्याच्या घडणीतच आहे. विरोधाचा आभास तो विरोधाभास. येथे विरोध दिसतो, पण असत नाही. संस्कृत व मराठी साहित्यशास्त्राने म्हणूनच त्याची गणना अलंकारांत केली. ‘वदतोव्याघात’ मात्र दोष आहे. ‘मी मौन पाळले आहे’ असे मोठ्याने सांगणाऱ्याचे बोलणे स्वतःलाच खोडून काढते. त्यावर कितीही चिंतन केले तरी त्यातून काही निष्पन्न होत नाही. विरोधाभासाचे तसे नाही. तो प्रथम ऐकणाऱ्यास थबकवतो आणि मग अधिक खोल अर्थापर्यंत नेतो.

मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात याचे सुंदर उदाहरण आहे. अंगुलिमाल सर्व शक्तीनिशी धावूनही नेहमीच्या गतीने चालणाऱ्या भगवंतांना गाठू शकत नाही. अखेरीस तो थांबतो आणि त्यांना थांबण्यास सांगतो. भगवान चालता चालताच उत्तर देतात की, आपण थांबलो आहोत, आता त्याने थांबावे. चालणारा श्रमण स्वतःला थांबलेला म्हणवतो आणि उभ्या असलेल्याला न थांबलेला म्हणतो, याचे अंगुलिमालास आश्चर्य वाटते. ‘थांबणे’ या शब्दाचा अर्थ पायांपुरता घेतला, तर हे बोलणे असत्य ठरते. सर्व प्राणिमात्रांविषयीची हिंसा टाकून देणे, हा अर्थ घेतला की विरोध मावळतो. अंगुलिमालाच्या जीवनाला त्याच क्षणी कलाटणी मिळते. विरोधाभासाची कसोटी हीच आहे: दृष्टी बदलली की विरोध उरत नाही.

पेच ही आणखी निराळी गोष्ट आहे. मिलिंदपञ्हातील मेण्डकपञ्ह या भागात राजा मिलिंद नागसेनापुढे दुहेरी टोकांचे प्रश्न ठेवतो. मेण्डक म्हणजे मेंढा. प्रश्नाचे कोणतेही टोक धरले तरी शिंग लागावे, अशी त्याची रचना. पहिलाच प्रश्न पाहा. बुद्ध पूजा स्वीकारत असतील, तर ते पूर्णपणे परिनिर्वृत्त झालेले नाहीत. स्वीकारत नसतील, तर त्यांची पूजा व्यर्थ आहे. नागसेन दोन्हींपैकी एक टोक निवडून थांबत नाही. तो प्रश्नामागील गृहीतच दूर करतो. विझलेला महाअग्नी इंधन स्वीकारत नाही, तरी माणसे स्वतःच्या प्रयत्नाने अग्नी निर्माण करून आपले काम साधतात. त्याचप्रमाणे कुशल कर्माचे फळ दुसऱ्याच्या स्वीकारावर अवलंबून नसते. पेचाचे उत्तर निवडीत असते, किंवा तो पेच घालणाऱ्या गृहीताच्या परीक्षेत असते.

एखादा विरोध खरा की केवळ भासणारा, हे मात्र श्रद्धेने ठरवता येत नाही. ते तपासावे लागते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हेच केले. आत्मा नाकारायचा आणि पुनर्जन्म मानायचा, हा भयंकर विरोध नव्हे काय, असा रोखठोक प्रश्न त्यांनी विचारला. ‘हे गूढ आहे’ असे म्हणून ते पुढे गेले नाहीत. पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, असे प्रश्नाचे दोन भाग त्यांनी केले. पुनर्जन्म शरीराच्या भौतिक घटकांचा, आत्म्याचा नव्हे, अशी त्यांची मांडणी आहे. गूढाच्या नावाखाली विसंगती झाकणे आणि विचाराने विरोधाचा निरास करणे, यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

आता या भेदाचे सामाजिक महत्त्व पाहू. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला की, २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता राहील. सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. इंग्रजी भाषणात त्यांनी योजलेला शब्द ‘कॉन्ट्रॅडिक्शन्स’ हा होता, ‘पॅरॅडॉक्स’ नव्हे. त्याचा अनुवाद ‘विरोधाभास’ असा केला, तर त्या इशाऱ्याची धारच बोथट होते. विषमता हा आभास नव्हता. ज्याला पाणवठ्यावर अडवले जाते, त्याच्या दृष्टिकोनात बदल झाल्याने पाणी मिळत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी ही विसंगती समजून घेण्यास नव्हे, तर शक्य तितक्या लवकर नष्ट करण्यास सांगितले. तसे न झाल्यास विषमतेने पीडलेले लोक राजकीय लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असेही त्यांनी बजावले.

सारांश, विरोधाभास उलगडावयाचा असतो, वदतोव्याघात सोडून द्यावयाचा असतो, पेचातील गृहीत तपासावयाचे असते आणि जीवनातील विसंगती नाहीशी करावयाची असते. अंगुलिमालाला भगवंतांच्या शब्दांचा अर्थ कळणे पुरेसे होते. जातिव्यवस्थेचा अर्थ कळणे मात्र पुरेसे नाही. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य सांगताना तथागतांनी त्याला आभास म्हटले नाही. आपणही खऱ्या विरोधाला आभास म्हणू नये.