पाणीवाल्या कंपनीने सोलून काढलेला किल्ला

जुलै २०२३ मध्ये एडिनबर्गच्या सेंट जाइल्स कथीड्रलमध्ये राजे चार्ल्स यांना स्कॉटलंडची राजचिन्हं अर्पण झाली. मुकुट आणि राजदंड जुनेच होते, तलवार मात्र कोरी करकरीत. पोप दुसरे ज्युलियस यांनी १५०७ साली पाठवलेली मूळ तलवार आता मिरवण्याजोगी राहिलेली नाही. ती कशी मोडली याची गोष्ट अ‍ॅबरडीनच्या दक्षिणेला, स्टोनहेवनजवळच्या डनॉटर किल्ल्यात घडली.

पन्नासेक मीटर उंच कडे, जवळपास चहूकडे समुद्र आणि जमिनीशी जोडणारी एक चिंचोळी पट्टी. इंग्लंडची राजचिन्हं मोडीत काढून झाल्यावर, राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या फौजेला स्कॉटलंडचीही हवी होती आणि ती याच किल्ल्यात ठेवलेली होती. १६५१ च्या सप्टेंबरात वेढा पडला. आत शिबंदी जेमतेम सत्तरची, तरी किल्ला मे १६५२ पर्यंत झुंजला. शेवटी फौज आत शिरली आणि तिच्या हाती भोपळा आला! किनेफ गावच्या पाद्र्याची बायको क्रिश्चन फ्लेचर हिच्या मदतीने ऐवज आधीच बाहेर गेला होता. तो तिने कपड्यांत दडवून नेला, की दोराने कड्याखाली सोडला गेला, यावर दोन कथा आहेत. पहिली अर्थातच जास्त खपते. या लपवाछपवीतच तलवार मोडली. १६६० पर्यंत सगळं किनेफच्या चर्चच्या फरशीखाली पुरलेलं होतं. पाद्र्याचं नाव जेम्स ग्रेंजर. २०२३ च्या त्या सोहळ्यात नवी तलवार घेऊन चालणारी ऑलिंपिक नौकानयनपटूही ग्रेंजरच, कॅथरिन. निव्वळ योगायोग, पण झकास.

पर्यटकांना इथवरचं हौसेने सांगतात. पुढचं सांगताना आवाज जरा खाली येतो. राजसत्ता परत आली आणि १६८५ साली, चर्चवरचा राजाचा अधिकार न मानणाऱ्या १६७ कव्हेनंटर स्त्री-पुरुषांना याच किल्ल्यात डांबण्यात आलं, बरेचसे एकाच तळघरात. काही आतच मेले, काही कड्यावरून निसटताना पडले, तर अनेकांची अमेरिकेला रवानगी झाली.

किल्ल्याची पुरती वाट लावली ती मात्र ना क्रॉमवेलने, ना वादळाने. मालक जॉर्ज कीथ पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी झालेल्या १७१५ च्या जॅकोबाइट बंडात उतरला आणि जहागीर जप्त झाली. ती घेतली यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने. धंदा काय, तर लंडनकरांना टेम्सचं पाणी पुरवणं! जप्त जहागिरी स्वस्तात उचलायच्या सट्ट्यात ती पडली होती. डनॉटरमधलं विकण्याजोगं सगळं तिने उचकटून नेलं. एवढं करून ती स्वतःही पुढे दिवाळखोरीत गेलीच. आठ महिन्यांच्या वेढ्याला जे साधलं नाही, ते एका ताळेबंदाने करून दाखवलं.

१९२५ मध्ये काउड्रे घराण्याने अवशेष विकत घेऊन डागडुजी केली. झेफिरेल्लीच्या ‘हॅम्लेट’चं चित्रीकरण इथे झालं, लग्नंही लागतात. किल्ला खासगी आहे, आत जायला तिकीट पडतं आणि हवा बिघडली की दार बंद असतं. तेव्हा आधी चौकशी करा, कड्यावरचे फोटो हवे तितके काढा, पण ‘व्हिग्ज व्हॉल्ट’ नावाचं ते तळघर पाहिल्याशिवाय परतू नका.