नाही म्हणणारा मित्र
(‘ययाति’च्या निमित्ताने)

पेडणे तालुक्यातील केरीहून तेरेखोलची खाडी ओलांडली, की पलीकडे रेडी आणि त्याच्या पुढे शिरोडे लागते. या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक होते. पुढे ते कोल्हापुरास गेले. त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक खांडेकरांच्या रूपाने प्रथमच मराठीकडे आले.

ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकिकत स्वतःच सांगतात, अशी या कादंबरीची रचना आहे. भोगाने वासना शमत नाही, हे तिचे तात्पर्य बहुतेकांना ठाऊक असते. परंतु आपल्या वयाच्या वाचकाने ती मैत्रीची कथा म्हणूनही वाचावी, असे मला वाटते.

देवयानी ही शुक्राचार्यांची मुलगी आणि शर्मिष्ठा राजा वृषपर्व्याची. दोघी बरोबरीने वाढलेल्या मैत्रिणी. जलविहाराच्या वेळी वस्त्रांची अदलाबदल होते, शब्दाने शब्द वाढतो आणि देवयानी विहिरीत पडते. ययाति तिला वर काढतो. तिला महाराणी व्हायचे आहे. महत्त्वाकांक्षा बाळगणे हा काही गुन्हा नव्हे. पण नुसते राणीपद तिला पुरत नाही. कालची मैत्रीण आज दासी म्हणून मागे उभी असल्याशिवाय तिला आपला विजय पुरा वाटत नाही. महत्त्वाकांक्षेला कीड लागते ती येथे.

शर्मिष्ठा दासी होण्याचे कबूल करते. शुक्राचार्य रागावून निघून गेले तर आपल्या कुळाचा आधार तुटेल, हे तिला कळते. ही तडजोडच आहे; पण तिची किंमत ती स्वतः मोजते. ययातिही आयुष्यभर तडजोडी करतो आणि त्यांची किंमत मात्र दुसऱ्यांच्या पदरात पडते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वार्धक्य आल्यावर तो अखेर स्वतःच्या मुलाकडे तारुण्य मागतो आणि पूरू ते देतो. तडजोड बरी की वाईट, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी यात सापडते: तिचे मोल कोण देतो?

आता कचाकडे पाहू. महाभारतात संजीवनी विद्या घेऊन कच देवलोकी परततो आणि ययातीच्या कथेत पुन्हा येत नाही. खांडेकरांनी त्याला परत आणले आणि ययातीचा मित्र केले. हा बदल त्यांना का करावासा वाटला असेल? राजाभोवती त्याच्या प्रत्येक इच्छेला वाट करून देणारी माणसे पुष्कळ असतात. ‘हे बरे नव्हे’ असे प्रेमाने सांगणारा एखादाच. ययातीला असा मित्र लाभलेला असतो. पण त्याचे ऐकणे गैरसोयीचे असते, म्हणून तो त्याला मनातून दूर ठेवतो. मित्र नसल्यामुळे नव्हे, तर मित्राकडे पाठ फिरविल्यामुळे तो घसरतो.

ही गोष्ट राजेरजवाड्यांपुरतीच आहे असे कोणी समजू नये. पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोंकणी कादंबरी १९७७ साली आली. खाणीचा पैसा येताच शेतीवर जगणारे गाव कसे उद्ध्वस्त होते, हे तिच्यात दिसते. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. चार पैसे अधिक मिळावेत, पोराने शिकावे, घरावर पक्के छप्पर यावे, या इच्छा रास्तच. परंतु शेतात माती वाहून आली आणि विहीर आटली, की किंमत शेजाऱ्याने मोजलेली असते. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकांचे हप्ते घरोघर तसेच उरले. त्यापूर्वी एखाद्याने ‘जरा थांब’ म्हटले असते, तर त्याला आपण मित्र म्हटले असते की मत्सरी, याचा विचार करावा.

आपल्या वर्गातही हेच घडते. मित्राची खोटी हजेरी लावणे, परीक्षेत उत्तरपत्रिका थोडी सरकवून ठेवणे, याला आपण दोस्ती म्हणतो. ज्याने रात्र जागून अभ्यास केला आणि ज्याचा क्रमांक त्यामुळे खाली गेला, त्या तिसऱ्या मुलाचे नावही आपल्या मनात येत नाही. आणि ‘मी हे करणार नाही’ म्हणणाऱ्याला मात्र आपण चहाला बोलवायचे सोडून देतो.

ग्रंथालयात ‘ययाति’ची प्रत हाती आली तर कचाचे प्रसंग सावकाश वाचा. मग आपल्याला असा मित्र आहे का, हे आठवून पाहा. आणि आपण स्वतः कोणासाठी तसे होऊ शकलो का, हेही.