‘साहसी खेळ केलात? मग क्लेम विसरा!’

पावसाळ्यात कर्जत लोकल भरून येते ती भिवपुरी, बेकऱ्याच्या धबधब्यांसाठी आणि पेठच्या किल्ल्यासाठी. त्याच गर्दीतली काही मंडळी हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग शिकायला जातात, थोडी थेट आल्प्सपर्यंत पोहोचतात. विम्याबद्दलच्या समजुती मात्र सगळेजण घरूनच घेऊन निघतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात.

सगळ्यात पसरलेली समजूत ही की साहसी खेळात हाड मोडलं तर मेडिक्लेम दमडीही देत नाही. विमा नियामक ‘इर्डा’ने २०१९मध्ये आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात नवव्या क्रमांकावर धोकादायक आणि साहसी खेळ आहेत. गिर्यारोहण, रॉक क्लाइंबिंग, राफ्टिंग अशी नावंही दिली आहेत. लोक ती नावं वाचून थांबतात. त्याच वाक्यात अट आहे, की अशा खेळात ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळणार नाही. म्हणजे रविवारी हौसेनं ढाक बहिरी चढणारा बँकेतला कारकून या अपवादात बसत नाही. गुलमर्गच्या उतारावर पहिल्यांदा स्की बांधणारी त्याची बायकोही नाही. पॉलिसी नवीन असेल तरी हरकत नाही, कारण पहिल्या ३० दिवसांची अट आजारांना लागते, अपघाताला नाही.

क्लेम अडतो तो भलत्याच ठिकाणी. मनगटाला प्लास्टर घालून संध्याकाळी घरी पाठवलं, तर साध्या मेडिक्लेममधून सहसा काही मिळत नाही, कारण २४ तास दाखल असणं लागतं. डे-केअरच्या यादीतले उपचार तेवढे सुटतात. स्कीइंगमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटणं ही नेहमीची दुखापत. शस्त्रक्रिया झाली तर तिचा खर्च मिळेल, पण आधीचा एमआरआय आणि नंतरची फिजिओथेरपी किती मिळेल हे पॉलिसीगणिक बदलतं. श्रीनगरहून मुंबईला आणण्याचा खर्च तर वेगळाच. ‘आरोग्य संजीवनी’सारख्या प्रमाणित पॉलिसीत रुग्णवाहिकेसाठी एका वेळच्या दाखल होण्यामागे २,००० रुपयेच मिळतात. देशातल्या स्कीइंगसाठी प्रवास विमा घ्यायचाच, तर तो उचलून आणण्याच्या खर्चासाठी घ्यावा. हरवलेल्या बॅगेची भरपाई हे त्याचं खरं काम नव्हे.

परदेशात गणित उलटं होतं, तिथे भिस्त प्रवास विम्यावरच. ‘व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा काढलाय, तोच चालेल’ हे वाक्य फार ऐकू येतं. शेंगेन व्हिसाला तेवढं संरक्षण लागतं हे खरं. तातडीचे उपचार, मृत्यू आणि मायदेशी परत पाठवणं त्यात येतं. पण बर्फावरचे खेळ त्यात धरलेत का, हे व्हिसा कार्यालय तपासत बसत नाही. अनेक प्रवास विम्यांत स्कीइंग मुळातच वगळलेलं असतं किंवा जादा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. जोडल्यावरही आखलेला उतार सोडून मोकळ्या बर्फात गेलात की संरक्षण संपतं, असं कलम सहसा सापडतं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुम्ही दुसऱ्याला जाऊन धडकलात तर? इटलीत जानेवारी २०२२पासून स्कीच्या उतारांवर अशा दायित्वाचा विमा सक्तीचा आहे.

आपल्याकडे दरीत कुणी अडकलं की खोपोलीचे ‘यशवंती हायकर्स’ किंवा दुसरे स्वयंसेवक दोर घेऊन येतात आणि कुणाच्या हातात बिल ठेवत नाहीत. आल्प्समध्ये हेलिकॉप्टर आलं तर बहुतेकदा त्याचं बिल येतं. म्हणून तिथे शोध आणि सुटकेची रक्कम पॉलिसीत स्वतंत्र लिहिलेली आहे का, हे इस्पितळाच्या रकमेआधी बघावं.

दोन किरकोळ समजुती. रेल्वेचं ४५ पैशांचं विमा संरक्षण आयआरसीटीसीवर काढलेल्या आरक्षित ई-तिकिटाला मिळतं. कर्जत लोकलला ते नाही. आणि धबधब्यावर दारू पिऊन झालेल्या अपघातात वैयक्तिक अपघात विमा हात वर करतो, हा मात्र गैरसमज नाही.

‘फीमध्ये विमा आहेच’ असं ट्रेकचे आयोजक सांगतात. पुष्कळदा तो आयोजकाच्या दायित्वाचा विमा असतो. त्याच्या चुकीमुळे तुमचं नुकसान झाल्याचं सिद्ध झालं, तर त्याला पैसे भरायला मदत करणारा. तुमचं इस्पितळाचं बिल भागवणारा विमा निराळा. त्यात सहभागी म्हणून तुमचं नाव लागतं.

आणि विमा काढलेल्यांच्या त्या यादीत आणखी एक नाव हवं. बेकऱ्याला धबधब्याच्या माथ्यावर दोर धरून उभा असलेला, दिवसाच्या मजुरीवर आलेला आजूबाजूच्या वाडीतला पोरगा पर्यटक नाही. ‘व्यावसायिक म्हणून’ हे शब्द हौशी माणसाला वाचवतात, पण या पोराविरुद्ध वाचता येतात. त्याच्याकडे मेडिक्लेम असण्याची शक्यता तशीही कमी. फार तर बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल. तीत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख मिळतात. इस्पितळाचा खर्च तीत नाहीच, आणि हाड मोडून तीन महिने घरी बसला तर त्या मजुरीचं काहीच नाही. फी भरताना आयोजकाला विचारायचा प्रश्न साधा आहे: दोर धरणाऱ्या मुलांचा सामूहिक अपघात विमा काढलाय का, आणि त्यात उपचाराचा खर्च धरलाय का?