अहमद जमाल यांच्या वादनातील मोकळी जागा

आमच्या अभ्यासमंडळात मी एकदा अहमद जमाल यांच्या त्रिकुटाची तबकडी लावली. ती संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, वाजवतात छान, पण यात विद्रोह कुठे आहे?" प्रश्न प्रामाणिक होता. काळ्यांच्या कवितेशी आपले नाते जुने. १९७२ साली 'पँथर' हे नावही आपण तिकडूनच घेतले. त्यामुळे काळा कलावंत म्हटला की आक्रोश ऐकू यायलाच हवा, अशी आपली अपेक्षा होऊन बसली आहे. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे टिपण.

ही मैफल १६ जानेवारी १९५८ ची. स्थळ शिकागोच्या दक्षिण भागातले, काळ्यांच्या वस्तीतले पर्शिंग हॉटेल. तेथे हे तिघे नेमाने वाजवीत: पियानोवर जमाल, डबल बासवर इझ्रायल क्रॉस्बी, ड्रमवर व्हर्नेल फोर्नियर. ध्वनिमुद्रण श्रोत्यांसमोरच झाले. मधूनमधून माणसांची कुजबूज ऐकू येते.

त्यातील 'पॉइन्सियाना' ही आठेक मिनिटांची रचना अवश्य ऐकावी. (पॉइन्सियाना म्हणजे आपला गुलमोहर.) आधी कान ठेक्याकडे द्यावा. फोर्नियर न्यू ऑर्लिन्सचे. त्या शहरात रस्त्यावरच्या मिरवणुकांत वाजणाऱ्या ढोलाचा डौल त्यांनी हॉटेलच्या दालनात आणला. एका हातात मऊ बोंडाची काठी, दुसऱ्यात साधी. दोन माणसे वाजवीत असल्याचा भास होतो. क्रॉस्बींचा बास खालून एकच स्वराकृती पुनःपुन्हा फिरवतो. जमाल दोन-चार स्वर टाकतात आणि थांबतात. जेथे दुसरा वादक बोटांची कसरत दाखवील, तेथे ते काहीच वाजवीत नाहीत. त्या रिकाम्या जागेत बास आणि ड्रम ऐकू येऊ लागतात. पियानो धनी आणि बाकीचे दोघे त्याचे साथीदार, ही उतरंड ऐकता ऐकता मोडून पडते.

काही समीक्षकांनी मात्र याला हॉटेलातले करमणुकीचे वादन ठरवले. मोकळी जागा त्यांना पोकळ वाटली. इकडे माइल्स डेव्हिससारखा थोर ट्रम्पेटवादक आपल्या पियानोवादकाला जमालसारखे वाजवायला सांगत होता, आणि लोकांनी ही ध्वनिमुद्रिका शंभराहून अधिक आठवडे खपाच्या यादीत ठेवली. आपल्या लेखकांना 'फार आरडाओरडा करता' असे ऐकावे लागले. जमाल यांना 'फार थोडे वाजवता' असे. मोजपट्टी दोन्हीकडे दुसऱ्याच्याच हातात.

जमाल यांचा जन्म १९३० चा, पिट्सबर्गचा. जन्मनाव फ्रेडरिक रसेल जोन्स. विशीच्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि नाव बदलले. नाव आणि धर्म दोन्ही बदलण्यात काय असते, हे या वाचकांना सांगायला नको. 'जॅझ' हा शब्दही त्यांना नको असे. आपल्या संगीताला ते अमेरिकन अभिजात संगीत म्हणत. मला स्वतःला 'अभिजात' या शब्दाची धास्तीच वाटते. पण हॉटेलातला करमणूकवाला म्हणून हिणवलेला माणूस तो शब्द स्वतःच्या संगीतासाठी मागतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो.

हे त्रिकूट १९६२ साली मोडले, आणि क्रॉस्बी त्याच वर्षी गेले. जमाल २०२३ पर्यंत, वयाच्या ९२ व्या वर्षापर्यंत जगले.

तो कार्यकर्ता पुढच्या बैठकीनंतर तबकडी मागून घेऊन गेला. अजून परत दिलेली नाही.