साके नाही तर नाशिक: एकट्याने टेस्टिंगला जाताना

ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. मागे जपानच्या साके टेस्टिंगबद्दल बोललो, तर मेसेज आले, "भाऊ, व्हिसा-तिकिटाचं काय?" बरोबर आहे. जगात जर्मनी, देशात परभणी, पण जपान अजून आपल्या खिशाबाहेर. म्हणून जवळचं केलं. रात्री परभणीहून देवगिरी एक्सप्रेस पकडली आणि उजाडायच्या आत नाशिकरोडला उतरलो. एकटाच. दिवसा खरेदी, संध्याकाळी वाईन.

खरेदी आधी उरकायची, हा माझा पहिला नियम. टेस्टिंगनंतर माणूस उदार होतो आणि यूपीआयला पिन लागतो, अक्कल लागत नाही. भांडी बाजारात गेलो, आईसाठी तांब्याचा तांब्या घेतला. तो वजनावर मिळतो, त्यामुळे आधी त्या दिवसाचा भाव विचारा, मग भांडं निवडा. चिवडा घेतला. पैठणी नाही घेतली. त्यासाठी येवल्याला वेगळा दिवस काढावा लागतो. दुकानात कुणी "ओरिजिनल" म्हणून पुढे केलीच तर पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. मागे सुट्या धाग्यांचं जंगल दिसलं तर घडी घाला आणि निघा.

आता मुख्य विषय. साकेला लोक "राईस वाईन" म्हणतात, पण ते पटत नाही. द्राक्षात साखर आयती असते. रस काढला, यीस्ट पडलं, अल्कोहोल तयार. तांदळात, किंवा आपल्या ज्वारीत, असतो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. आधी त्याची साखर करावी लागते. बिअरमध्ये हे काम मोड आलेल्या बार्लीतले एन्झाइम करतात आणि यीस्टचा नंबर त्यानंतर लागतो. साकेत वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती एकीकडे साखर करत राहते आणि त्याच टाकीत यीस्ट ती साखर खात राहतं. आमच्या भाषेत सांगायचं तर वाईन म्हणजे एकच स्टेप, बिअर म्हणजे एकामागून एक दोन स्टेप आणि साके म्हणजे दोन प्रोसेस पॅरलल. म्हणूनच ती २० टक्क्यांच्या जवळ जाते. मग बहुतेक वेळा पाणी घालून १५-१६ वर आणतात.

नाशिकची गंमत वेगळी आहे. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्याकडे झोपायला थंडीच नाही, म्हणून दोनदा छाटणी. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा संपताना फळछाटणी. पीक एकच, जानेवारी ते मार्चमध्ये हाती येणारं. तिकडे द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास तोडतात. दुपारी मी सुलाला गेलो. त्याचे संस्थापक राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकलेले इंजिनिअर, ओरॅकलमधली नोकरी सोडून आलेले. पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये टेस्टिंग रूम सुरू झाली. (आमच्या ऑफिसात अर्धे लोक हेच स्वप्न बघत स्टँडअप कॉलला बसतात.)

टेस्टिंगमध्ये आधी पांढऱ्या, मग लाल, शेवटी गोड. ग्लास थोडा फिरवा, नाक घाला, मग छोटा घोट. "ओक", "मिनरल" असले शब्द आले नाहीत तर लाजायचं कारण नाही. सोव्हिन्यों ब्लांकला मला चक्क हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला, आणि तो खरंच त्यात असतो. मिरचीतला तोच घटक त्या द्राक्षात सापडतो. शिराझमध्ये काळी मिरी जाणवते, तेही तसंच.

आता ज्यासाठी हा भाग केला ते. "फक्त टेस्टिंग आहे रे, स्कूटी घेऊन जाऊ," असं मीही ठरवलं होतं. मग आदल्या रात्री हिशोब केला. समजा ६ वाईन, प्रत्येकी २५ मिली. झाले १५० मिली. १३ टक्क्यांनी साडेएकोणीस मिली अल्कोहोल, म्हणजे वजनात साधारण १५ ग्रॅम. ६० किलोच्या पुरुषाने हे रिकाम्या पोटी पटपट प्यायलं तर १०० मिली रक्तात अंदाजे ३५ ते ४० मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा? ३०. तेवढ्याच वजनाच्या मुलीचा आकडा आणखी वर जातो. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तेवढीच साके असती तर ४५ च्या आसपास. जपानची मर्यादाही रक्तात ३०च आहे, पण तिथे प्यायलेल्याच्या गाडीत जाणून-बुजून बसणाऱ्यालाही शिक्षा होते.

फरक सोयीचा आहे. निगाताकडच्या एचिगो-युझावा रेल्वे स्टेशनात साकेची मशीनं भिंतभर लावलेली आहेत. टोकन टाका, छोटा पेला भरा, मीठ-काकडी खा आणि तिथूनच शिंकान्सेन पकडा. गाडी चालवायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूला आणि नाशिकरोड स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला. अंधार पडल्यावर अ‍ॅपवरच्या तीन कॅब एकामागून एक कॅन्सल झाल्या. मी वाचलो कारण सकाळीच एका रिक्षावाल्या काकांशी येणं-जाणं आणि थांबण्याचे पैसे एकत्र ठरवले होते. एकट्याने जाणार असाल तर परतीची सोय आधी करा, मग टेस्टिंगचं तिकीट काढा. जेवून जा. टेबलावर उरलेली वाईन ओतायचं भांडं असतं, त्यात ओतायला लाजू नका. टेस्टिंगवाले स्वतःही थुंकतात. आणि वयाची अट आहेच: इथे वाईनला २१, जपानमध्ये २०.

मी सहापैकी चार अर्ध्या ओतल्या. काकांनी स्टेशनवर सोडताना पिशवीकडे बघून विचारलं, "बाटली घेतली का?" म्हटलं, "नाही काका, तांब्या आहे." ते जे हसले!